दाढी न लावलेला बाप

गारा पडल्या त्या दुपारी बागेतली माणसं शिड्या टाकून शेडकडे पळत सुटली. पत्र्यावर असा काही ताशा वाजला की बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. सगळं थांबलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलं, आपण त्या गावचेच नाही असं. झाडांखाली संत्र्यांचा खच पडला होता. फांद्यांवर जी टिकली होती, त्यांच्या सालीवर गारांचे मार बसले होते. आतला गर शाबूत होता, पण चार दिवसांत मारांचे तपकिरी डाग झाले. बागेतलं एक फळ डागावाचून सुटलं नाही.

शेडमधल्या पेट्या भरणाऱ्या निम्म्या बायका कामाविना घरी बसल्या. उरलेल्यांना मुकादमाने टेबलाभोवती गोळा केलं आणि एक संत्रं हातात धरून सगळ्यांना दाखवलं.

"हे बघा. डाग खाली, चांगली बाजू वर. वरच्या थरात एकही डाग डोळे वटारून बघताना दिसला, तर ती पेटी बांधणारीच्या डोक्यावर देईन."

"मुकादम, ही तर लबाडी झाली," गवंडीण म्हणाली. तिचा नवरा गवंडी, म्हणून ती गवंडीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"लबाडी नाही, मांडणी. लबाडीला डोकं लागतं. ते असतं तर तू इथे आली असतीस का?"

बायका हसल्या. गवंडीण सगळ्यांत जोरात हसली, कारण काम टिकवायचं होतं.

टीचरला मात्र हसायला वेळ नव्हता. तिचा हात केव्हाच चालू झाला होता. फळ उचलायचं, अंगठ्याने देठ चाचपायचा, बोटांवर गरकन फिरवायचं, डाग तळहाताकडे आला की तसंच पेटीत बसवायचं. तिला बघावंही लागत नसे. डाग कुठे आहे ते बोटांना सालीवरून कळायचं. ह्या हातामुळेच मुकादमाने तिला ठेवून घेतलं होतं. घरात तिचा नवरा, सासू आणि मुलगी. नवरा बागेत तोडणीला जायचा, पण तोडणीच अर्ध्यावर आली होती. तेव्हा ह्या हंगामात घराची मदार तिच्या हातावर होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती काही शाळेतली टीचर नव्हती. शिक्षण म्हणावं तर बेताचंच. पण दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ती मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, आणि त्या अशा सांगायची की पोरं शी-शू विसरून बसत. त्यावरून कुणीतरी थट्टेने टीचर म्हणालं आणि ते नाव चिकटलं. तिला ते आवडायचं. दिवसभर पेट्या भरणाऱ्या बाईला आठवड्यातून एक तास कुणी टीचर म्हणत असेल, तर का आवडू नये?

वर्षातला एक रविवार मुलांचा असे. त्या दिवशी पाळकसाहेब उपदेश करत नसत. मुलं वेदीपुढे उभं राहून एक गोष्ट करून दाखवत आणि मोठी माणसं गप्प बसून बघत. यंदा तो रविवार गारांच्या मागोमाग येऊन ठेपला होता. टीचरने गोष्ट निवडली धाकट्याची.

"एक होता म्हातारा संदेष्टा," तिने खोलीत सांगायला सुरुवात केली. "देवाने त्याला सांगितलं, त्या अमक्या घरी जा, तिथल्या एका मुलाला मी राजा करणार आहे. हा गेला. बाप खूश. बापाने पोरांना न्हाऊमाखू घातलं, केस विंचरले आणि एकेक करून पुढे केलं. पहिला आला. काय उंची! काय खांदे! संदेष्ट्याला वाटलं, हाच. देव म्हणाला, नाही. मग दुसरा आला. देव काय म्हणाला?"

"नाही!" पोरं ओरडली.

"तिसरा?"

"नाही!"

"असे सातही झाले. संदेष्टा गोंधळला. बापाला म्हणाला, काय रे, एवढीच आहेत का तुझी मुलं? बाप डोकं खाजवायला लागला. म्हणाला, आहे अजून एक, धाकटा, पण तो मेंढरांकडे आहे. त्याला बोलवायची काय गरज?"

"तोच दावीद!" गवंडिणीचा धाकटा उठून उभा राहिला. त्याचं नाक बारा महिने वाहतं.

"तोच. आणि तूच होणार आहेस दावीद. आधी नाक पूस."

पोरं खिदळली. दावीदने बाहीला नाक पुसलं.

सुताराचा मुलगा तोतरा होता. शब्द अडला की तो डोळे मिटून घ्यायचा. टीचरने त्याला संदेष्टा केलं. मुलं चुळबुळली, एकजण म्हणाला, "टीचर, हा बोलेपर्यंत जेवायची वेळ होईल."

"होऊ दे. संदेष्टा म्हातारा आहे, त्याला घाई नाही," टीचर म्हणाली. मग सुताराच्या मुलाकडे वळून, "शब्द अडला तर अडू दे. लोक थांबतील. देवाने तुला बनवताना घाई केली नाही, मग तू कशाला करतोस? कुणी हसलं तर मी तुझ्यापाठी उभी आहे."

मुलाचा चेहरा असा उजळला की टीचरलाही बरं वाटलं. असं ती फार सुरेख करायची. पोरात काही कमी असलं की ते तिला लगेच दिसे, आणि त्या पोराला पुढे आणल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

मग तिने आपल्या मुलीकडे बघितलं. चिंगी खिडकीशी बसली होती. तिच्या डाव्या गालावर जन्मतःच लासं होतं, कपाळापासून जबड्यापर्यंत, गडद जांभळं. पोर मोठी होत गेली तसं तेही मोठं होत गेलं.

"चिंगी, तू पडद्याआड बसून गोष्ट वाचायची," टीचर म्हणाली. "तुझा आवाज छान आहे."

चिंगीने मान हलवली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आई, त्या बापाने धाकट्याला का नव्हतं बोलावलं?"

"विसरला असेल."

"मुलगा कसा विसरेल?"

"बाकीची तयारी होती ना खूप," टीचर म्हणाली आणि पुढची वाक्यं वाटायला लागली.

त्याच आठवड्यात एके दिवशी चिंगी आईचा डबा घेऊन शेडवर आली. शाळेला सुट्टी होती. डबा ठेवून ती निघाली नाही, टेबलाशी उभी राहिली. मुकादम नव्हता, म्हणून गवंडिणीने तिला एक पेटी पुढे ओढून दिली. "ये, कर मदत. बघू आईचा हात उतरलाय का."

चिंगीने फळं लावायला घेतली. ती एकेक फळ नीट बघायची, हाताने पुसायची आणि बसवायची. थर भरत आला तेव्हा टीचरचं लक्ष गेलं. सगळे डाग वर.

"अगं, हे काय! उलटं लावलंस की सगळं." तिने फटाफट फळं फिरवायला सुरुवात केली. "डाग खाली घालायचा. असं."

चिंगी आईच्या हाताकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग म्हणाली, आणि काही तक्रार करायच्या आवाजात नाही, एखादी गोष्ट लक्षात आली म्हणजे मूल बोलतं तशी, "माझा फोटो काढताना तू माझी हनुवटी अशीच फिरवतेस."

टीचरचा हात थांबला.

"चर्चमध्ये पण मला भिंतीकडे बसवतेस. आणि पडद्याआड."

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायकांची बोटं थबकली. गवंडिणीने, जिला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं, पेटीत डोकं घातलं.

"पडद्याआड तुझ्या आवाजासाठी," टीचर म्हणाली.

"सुताराच्या मुलाला तू पुढे उभं केलंस. त्याला म्हणालीस मी तुझ्यापाठी आहे."

"चिंगे, डबा दिलास ना? जा आता घरी. आजी एकटी आहे."

चिंगी गेली. टीचरने पुढची पेटी ओढली. पोरीने चारचौघींत इज्जत काढली ह्याचा राग यावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि राग काही येत नव्हता. पोर म्हणाली ते सगळं खरं होतं. बाजारात चालताना ती नेहमी पोरीच्या डाव्या हाताला असायची. पाहुणे आले की केस मोकळे सोड म्हणायची. त्यातलं एकही तिने ठरवून केलेलं नव्हतं. हात आपोआप वळायचा.

संध्याकाळी मुकादमाने पेट्या तपासल्या. एक झाकण उघडलं, दुसरं उघडलं आणि ओरडला, "ही कुणाची?"

ती टीचरची होती. पुढचीही तिचीच. वरचा अख्खा थर डाग वर करून लावलेला. तिच्या बोटांनी हे कधी केलं, तिलाच कळलं नव्हतं.

"तुम्ही?" मुकादमाला खरंच आश्चर्य वाटलं. "तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. रविवारी पोरांना शिकवता, आणि इथे चांगलं वर आणि वाईट खाली एवढं कळत नाही?"

"चुकलं, मुकादम."

"उद्यापासून सडक्या मालावर बसा. डोकं ताळ्यावर आलं की सांगा."

सडका माल शेडच्या मागे निवडत. फुटकी, बुरशी धरलेली फळं रसासाठी वेगळी काढायची. तिथे माशा घोंघावत, रसाने बोटं चिरायची आणि वास अंगातून जाता जात नसे. तिथे रोजंदारीही कमी मिळे. टीचरने मान खाली घालून ऐकून घेतलं. मुकादमाला तिने काही समजावलं नाही. काय सांगणार होती?

घरी नवरा अंगणात शिडीची पायरी ठोकत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"पोरीचं एवढं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "मला तर ते लासं दिसतसुद्धा नाही आता. खरंच सांगतो. सवय झाली."

चिंगी दारातच होती. "पण आहे ना ते, बाबा," ती म्हणाली. "मग दिसायला पाहिजे."

बापाची हातोडी हवेतच राहिली. त्याने बायकोकडे बघितलं, मग शिडीकडे. त्याला वाटलं होतं, आपण केवढी मोठी गोष्ट बोललो.

टीचर उठून पोरीजवळ गेली. "चिंगी, तू पुढे ये. पडदा नको. पुढे उभी राहून वाच."

"नको."

"का?"

"तू म्हणतेस म्हणून नको." आणि थोडं थांबून, "मी येतच नाही रविवारी. आजीजवळ थांबते."

झालं. पोर मोजकं बोलायची, पण बोललं की तिथून हलायची नाही. ह्या बाबतीत ती आजीवर गेली होती. दोन दिवस घरात भांडी तेवढी वाजत होती. टीचर सडक्या संत्र्यांचा वास घेऊन यायची, हात धुवायची, पुन्हा धुवायची आणि पोरीशी काय बोलावं ह्याचा विचार करत जेवायची. गोष्टी सांगून दुसऱ्यांची पोरं उभी करणारी बाई, आपल्या पोरीपुढे तिला एक वाक्य सुचत नव्हतं. पोर रविवारी आली नाही तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हे तिला आतून कळत होतं. आणि तिथे बसून पोरांना, देवाने तुम्हाला जसे आहात तसं पसंत केलंय, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती?

सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण हवं तेवढं यायचं. त्या म्हणाल्या, "ती जन्मली तेव्हा तू तिला शालीत गुंडाळून बाहेर न्यायचीस. भर उन्हाळा. मी म्हटलं, पोरीला घाम येतोय. तू म्हणालीस, वारा लागेल."

"मला वाटायचंच तसं."

"असेल." सासूबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. "मला पण वाटायचं, असेल."

त्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी टीचर चुलीशी असताना चिंगी आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"रविवारी बाप कोण होणार आहे?"

"ड्रायव्हरचा मुलगा. पण तो नको म्हणतोय. त्याला भाऊ व्हायचंय, भावाला तलवार आहे."

"मग मी होते बाप."

टीचरला इतका आनंद झाला की तिच्या हातातून पळी निसटली. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठच, कुणी न बोलावता, मनात आलं: बापाला दाढी असते. दाढीत गाल झाकेल.

तिला आपलीच शिसारी आली. पण विचार आला तो आलाच, परत कसा पाठवणार? दुसऱ्या दिवशी जुन्या उशीतला कापूस काढून ती दाढी शिवायला बसली. काळ्या चहात बुडवून कापसाला रंग दिला, फडक्यावर टाके घातले, कानामागे अडकवायला इलॅस्टिक लावलं. मन लावून शिवली. शिवून झाल्यावर उचलून बघितली, तर डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं रुंद झाली होती. तिने ती उसवायला घेतली. एक टाका उसवला. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती तशीच राहून गेली, असं तिने स्वतःला सांगितलं.

चिंगीने दाढी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. डाव्या बाजूवरून बोट फिरवलं.

"छान झालीय," ती म्हणाली आणि पिशवीत ठेवली.

रविवारी चर्च भरलं होतं. गारांच्या वर्षी माणसं जरा जास्तच येतात, हे पाळकसाहेबांनीही हसत हसत बोलून दाखवलं. मुकादम मागच्या बाकावर बायकोबरोबर आला होता. गवंडीण पुढच्याच बाकावर, धाकट्याचं नाक दुरून पुसता येत नाही म्हणून कासावीस. टीचरचा नवरा आणि सासू मध्ये कुठेतरी. टीचर वेदीच्या बाजूला कागद घेऊन बसली. कुणाचं वाक्य अडलं तर हळूच सुचवायचं, हे तिचं काम. पडद्याआडून आता दुसरीच एक मुलगी वाचत होती.

गोष्ट सुरू झाली. संदेष्टा आला, अंगात आजोबांचा कोट. "मी... मी ब-ब..." त्याने डोळे मिटले. सगळं चर्च थांबलं. कुणीतरी खोकलं. टीचरचे ओठ आपोआप हलले, पण तिने शब्द दिला नाही. "ब-बेटा, ह्या घरचा धनी कुठाय?" संदेष्ट्याने डोळे उघडले, आणि आपण बोललो हे बघून त्यालाच हसू फुटलं.

"आलो, आलो," म्हणत बाप बाहेर आला.

बापाने बाबांचा जुना सदरा घातला होता, डोक्याला फडकं बांधलं होतं, केस सगळे त्या फडक्यात. आणि दाढी नव्हती. दोन्ही गाल लोकांपुढे उघडे.

"बापाला दाढी नाही!" तलवारवाला भाऊ ओरडला. लोक हसले. साधंच हसू होतं ते, पोरांच्या खेळात येतं तसं. पण टीचरला ते हसू कशाचं हे त्या क्षणी कळेना. ती अर्धी उठली. लाज वाटली तिला. इतक्या दिवसांनंतर, इतकं सगळं कळूनसुद्धा, पहिली वाटली ती लाजच.

"मी काढून ठेवली. गरम होतं," बाप म्हणाला. लोक आणखी हसले.

टीचर खाली बसली.

भाऊ एकामागून एक पुढे आले. बाप प्रत्येकाची कॉलर नीट करायचा, खांद्यावरची धूळ झटकायचा, पाठीत धपाटा घालून ताठ उभं करायचा. चिंगी हे फार छान करत होती. प्रत्येकाला पुढे ढकलताना ती लोकांकडे बघून हसायची, दुकानदार चांगला माल दाखवताना हसतो तसं. मागच्या बाकावरून कुणीतरी "वा" म्हणालं. संदेष्टा प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि मुलं ओरडायची, "नाही!" हळूहळू मोठी माणसंही त्यांच्यात मिसळून ओरडायला लागली.

सातवा गेला. संदेष्ट्याने विचारलं, "ए-एवढीच आहेत का तुझी मुलं?"

बापाने डोकं खाजवलं. कागदावरचं पुढचं वाक्य सोपं होतं: आहे अजून एक, धाकटा, पण तो मेंढरांकडे आहे. चिंगीने ते वाक्य म्हटलं. मग संदेष्ट्याने त्याचं वाक्य म्हणायचं होतं. पण चिंगी थांबली नाही.

"त्याला मी बोलावलं नाही," ती म्हणाली. "लोक हसतील म्हणून."

टीचरने कागदाकडे बघितलं. कागदावर असं काही नव्हतं.

"म्हणजे..." बाप जरा विचारात पडला. तो विचार खराच होता, पाठ केलेला नव्हता. चिंगी आता लोकांकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. "त्याला हसतील म्हणून नाही. मला हसतील म्हणून."

सासूबाईंना ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मुलाचा हात धरला. गवंडिणीने रुमाल धाकट्यासाठी आणला होता, तो स्वतःच्या डोळ्यांना लावला.

संदेष्टा गडबडला. त्याचं वाक्य कधी म्हणायचं हे त्याला कळेना. त्याने टीचरकडे बघितलं. टीचरला दिसत होतं की तो आपल्याकडे बघतोय, शब्द मागतोय, तरी ती चिंगीकडेच बघत राहिली. शेवटी पोराने डोळे मिटले आणि आपल्या मनानेच म्हणाला, "मग ब-ब-बोलाव त्याला. तो येईपर्यंत आम्ही ज-जेवायला बसणार नाही."

दावीद बाहेरून धावतच आला. फार वेळ दाराआड दम धरून उभा होता बिचारा. धावता धावता पायात पाय अडकून आपटला, उठला, नाक पुसलं आणि म्हणाला, "मी आलो." आणि मग जे काही हसणं आणि टाळ्या झाल्या, त्यात दावीद राजा कधी झाला हे कुणी धड बघितलंच नाही.

बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनी टीचरचं कौतुक केलं. बापाचं वाक्य फार छान लिहिलंत, म्हणाले. "ते मी नाही लिहिलं," ती म्हणाली. पाळकसाहेबांना वाटलं विनय आहे. मुकादम जवळून गेला. थांबला, काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात असावं. शेवटी "उद्या टेबलावर या," एवढंच म्हणाला आणि गेला.

नवरा सासूबाईंना घेऊन पुढे गेला होता. टीचर आणि चिंगी बागेच्या कडेच्या रस्त्याने निघाल्या. पुढे पोरं दगडांना लाथा मारत चालली होती.

"ते वाक्य चुकलं का?" चिंगीने विचारलं.

"नाही."

"मला त्या बापाला विचारायचं होतं, त्याने का नाही बोलावलं. मग मीच बाप झाले तर मला कळेल असं वाटलं."

टीचर थांबली. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं.

"चिंगे, मला लाज वाटायची."

"लोकांची?"

पोरीने पळवाट पुढे करून ठेवली होती. टीचरला ती घ्यावीशी वाटली. फार वाटली.

"लोकांची होतीच," ती म्हणाली. "पण तुझीही वाटायची."

चिंगीचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. "मला वाटलं होतं तू नाही म्हणशील," ती म्हणाली आणि रडायला लागली. ढसाढसा, तोंड उघडं टाकून, अगदी लहान असताना रडायची तशी. टीचरने तिला जवळ घेतलं नाही, कारण तिला जवळ घ्यायचा आपल्याला हक्क आहे की नाही हेच तिला कळेना. ती समोर उभी राहून स्वतःही रडली. चर्चमधून परतणारी माणसं बाजूने जात होती, वळून बघत होती. बघू देत म्हणाली ती मनात.

चिंगीनेच आधी डोळे पुसले. "आज पण वाटली?"

"दाढी दिसली नाही तेव्हा वाटली. मग तू बोललीस, तेव्हा माझी मलाच वाटली."

"आणि आता?"

"आता नाही." मग खरं तेच बोलायचं म्हणून टीचर पुढे म्हणाली, "उद्या वाटली तर तुला सांगेन. लपवणार नाही तुझ्यापासून. दर वेळी सांगेन."

चिंगीने नाक ओढलं, जरा विचार केला.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "बाबांना सांग. नाहीतर देवाला सांग. मी काय करू त्याचं?"

पुढे वळणावर पोरं थांबली होती. सुताराचा मुलगा तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक मारत होता, आणि ती हाक पहिल्या अक्षरावरच अडकून पडली होती. चिंगी ती पुरी व्हायची वाट बघत उभी राहिली. पुरी झाल्यावर तिने "आले!" म्हणून ओरडून सांगितलं, डोक्याचं फडकं सोडून आईच्या हातात कोंबलं आणि पळत सुटली.